लूर्दची काटेकोर मोजणी आणि चंगाईचा सैल हिशेब

घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळले की त्या कुटुंबाला वादविवादात रस उरत नाही. त्याला केवळ मार्ग हवा असतो. तो मार्ग सरकारी रुग्णालयातून जातो, मांत्रिकाच्या उंबरठ्यावरून जातो की प्रार्थनेच्या मांडवातून जातो, याची चिकित्सा करण्याची उसंत त्या घराला नसते. डॉक्टरांच्या फेऱ्यांनी खिसा रिकामा झालेला असतो, नातेवाइकांचे सल्ले संपलेले असतात आणि कोणीतरी हळूच येऊन सांगते, ‘एकदा तिथे जाऊन बघा.’ माणूस आयुष्यात सर्वाधिक श्रद्धाळू असतो तो याच क्षणी आणि सर्वाधिक असहाय असतो तोही याच क्षणी. अशा माणसाला जो कोणी ‘तू बरा होशील’ असे वचन देतो, त्याच्यावर त्या वचनाची जबाबदारी येऊन पडते. ‘चंगाई सभा’ या नावाने देशभर जे चालते, त्याचा विचार करताना हा जबाबदारीचा प्रश्न मध्यभागी ठेवला पाहिजे.

प्रार्थनेला येथे आक्षेप नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. आजारी मुलाच्या उशाशी बसून आई रामरक्षा म्हणते, तशीच दुसरी एखादी आई जपमाळ ओढते. त्या दोघींच्या व्याकुळतेत भेद करण्याचे कारण नाही. प्रार्थनेने मनाला धीर येतो, एकटेपण सरते, वेदना सोसण्याचे बळ मिळते. आक्षेप आहे तो या पुढच्या पायरीला. प्रार्थनेचे रूपांतर दाव्यात होते, दाव्याचे जाहिरातीत होते आणि जाहिरातीच्या जोरावर रुग्णाला औषधापासून किंवा त्याच्या कुलधर्मापासून दूर नेले जाते, तेथे श्रद्धेचा प्रांत संपतो आणि पुराव्याचा प्रांत सुरू होतो.

ख्रिस्ती परंपरेतील दोन वाटा

ख्रिस्ती धर्मात रोगनिवारणाला मोठे स्थान आहे. शुभवर्तमानांत येशूने कुष्ठरोग्यांना शुद्ध केल्याच्या, अंधांना दृष्टी आणि पक्षाघात झालेल्यांना चालण्याची शक्ती दिल्याच्या अनेक कथा आहेत. याकोबाच्या पत्रात आजारी माणसाने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे मार्गदर्शन आहे. मात्र याच परंपरेत दुसरीही एक वाट पहिल्यापासून आहे. ज्याच्या नावावर एक संपूर्ण शुभवर्तमान आहे, तो लूक व्यवसायाने वैद्य होता असे परंपरा मानते. कॅथलिक बायबलमध्ये समाविष्ट असलेल्या सिराखच्या ग्रंथात तर वैद्याचा मान राखावा आणि शहाण्या माणसाने औषधाचा तिरस्कार करू नये, असा स्पष्ट उपदेश आहे.

म्हणजे एक वाट रुग्णालयाकडे जाते आणि दुसरी चमत्काराकडे. गेल्या दीड-दोनशे वर्षांत या दोन्ही वाटांनी भारतात प्रवेश केला. त्यांतील कोणती वाट लोकांना काय देऊन गेली, याचा हिशेब मांडताना बाहेरची फूटपट्टी आणण्याचीही गरज नाही. खुद्द चर्चने तयार केलेली फूटपट्टी उपलब्ध आहे.

लूर्दची कसोटी

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लूर्द हे गाव आहे. 11 फेब्रुवारी 1858 या दिवशी तेथील बर्नाडेट सुबिरू या चौदा वर्षांच्या गरीब मुलीने एका गुहेत आपल्याला दिव्य स्त्रीचे दर्शन झाल्याचे सांगितले. पुढील काही महिन्यांत अशी अठरा दर्शने झाल्याचे तिचे म्हणणे होते. गुहेतील झऱ्याच्या पाण्याने रोग बरे होतात अशी ख्याती पसरली आणि लूर्द हे ख्रिस्ती जगातील रुग्णांचे सर्वांत मोठे तीर्थक्षेत्र बनले. 11 फेब्रुवारी हाच दिवस पोप जॉन पॉल द्वितीय यांनी 1992 मध्ये ‘जागतिक रुग्ण दिन’ म्हणून ठरवून दिला.

चर्चने येथे जी व्यवस्था उभी केली, ती अभ्यासण्यासारखी आहे. 1883 मध्ये लूर्द येथे वैद्यकीय तपासणीचे कार्यालय स्थापन झाले. पुढे विविध देशांतील तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय समिती नेमण्यात आली. ‘मी बरा झालो’ असे एखाद्याने सांगितले म्हणजे चमत्कार सिद्ध झाला, असे तेथे मानले जात नाही. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बर्टिनी यांनी, म्हणजे पुढे पोप झालेल्या बेनेडिक्ट चौदावे यांनी, घालून दिलेले निकष तेथे लावले जातात. आजार गंभीर असला पाहिजे, त्याचे निदान निश्चित असले पाहिजे, तो आपोआप उतरणीला लागलेला नसावा, बरे होण्याचे श्रेय औषधाला देता येण्याजोगे नसावे, सुधारणा अकस्मात आणि संपूर्ण असावी आणि ती टिकली पाहिजे. एवढे झाल्यावरही डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारीत नाहीत. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचा उलगडा होत नाही, इतकेच ते म्हणतात. पुढचा निर्णय संबंधित धर्मप्रांताच्या बिशपांनी घ्यावयाचा असतो.

या चाळणीतून किती प्रकरणे पार पडली? लूर्दला दरवर्षी लक्षावधी यात्रेकरू जातात. आजवर सात हजारांहून अधिक व्यक्तींनी बरे झाल्याची नोंद तेथील कार्यालयात केली. त्यांपैकी 2025 पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेली प्रकरणे आहेत केवळ 72. एकशे सदुसष्ट वर्षांत बहात्तर! या बहात्तर प्रकरणांविषयीही विज्ञाननिष्ठ माणूस शंका घेईल आणि तो त्याचा अधिकार आहे. जुन्या काळातील निदाने आजच्या तपासण्यांपुढे टिकतीलच असे नाही. तरीही मुद्दा स्वच्छ आहे. चमत्कारावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनीच मोजायला बसल्यावर आकडा इतका लहान निघतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या बर्नाडेटमुळे लूर्द जगाला ठाऊक झाले, ती स्वतः आयुष्यभर दम्याने आणि पुढे हाडांच्या क्षयाने पीडित होती. 1879 मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. चर्चने तिला संतपद दिले ते तिच्या सहनशील जीवनासाठी. ती रोगमुक्त झाली नाही म्हणून तिची श्रद्धा कमी होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही.

मांडवातील चमत्कार

आता या तराजूत चंगाई सभेला ठेवून पाहावे. तेथे एका संध्याकाळी, तासा-दोन तासांत, मंचावरून डझनावारी रुग्ण ‘बरे’ झाल्याचे घोषित होते. आजाराचे आधीचे कागद कोणी पाहत नाही, नंतरची तपासणी कोणी करीत नाही. सहा महिन्यांनी त्या रुग्णाचे काय झाले, हे विचारायला कोणी त्याच्या गावी जात नाही. लूर्दला एका प्रकरणाचा निवाडा व्हायला वर्षानुवर्षे लागतात. मांडवात ध्वनिक्षेपकावरून तो क्षणात होतो.

या प्रकाराचे मूळ प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियामार्गे अमेरिकेत पोहोचलेला जॉन अलेक्झांडर डोवी हा त्यातील एक ठळक पुरुष. शिकागोच्या उत्तरेस त्याने ‘झायन’ नावाचे नगर वसवले आणि तेथे डॉक्टर व औषधांची दुकाने यांना मज्जाव केला. 1902 मध्ये स्पिरिटच्या दिव्याने भाजून त्याच्या स्वतःच्या तरुण मुलीचा मृत्यू झाला. 1905 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, अनुयायांनी त्याला नेतृत्वावरून दूर केले आणि 1907 मध्ये तो निवर्तला. हजारोंना रोगमुक्तीचे वचन देणाऱ्याच्या घरात मृत्यू कोणाची परवानगी न घेता शिरला. त्याच्या दुःखाची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या शब्दावर विसंबून ज्यांनी औषध टाकले असेल, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

पुढे पेंटेकोस्टल चळवळीने दैवी रोगनिवारणाला आपल्या शिकवणुकीत मानाचे स्थान दिले. या चळवळीचा आरंभ लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीट येथे 1906 मध्ये झाला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्याच्या आदल्याच वर्षी, जून 1905 मध्ये, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तशाच स्वरूपाची भावावस्थेची लाट उसळली होती, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तेथील मिशनरी मिनी एब्रम्स यांनी लिहिलेले पुस्तक दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचले आणि तेथील पेंटेकोस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली. रमाबाईंनी दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींना आश्रय दिला, हे त्यांचे कार्य स्वतंत्रपणे मोठे आहे. त्यांच्या धर्मांतराविषयी मतभेद असणाऱ्यांनाही ते नाकारता येणार नाही. पण ज्या प्रवाहाचा एक उगम महाराष्ट्राच्या मातीत आहे, त्याची चिकित्सा करण्याचे दायित्वही महाराष्ट्रावर येते.

अमेरिकेतील काही चिकित्सकांनी ती केली. विल्यम नोलन या मिनेसोटातील शल्यविशारदाने कॅथरिन कुलमन या विख्यात प्रचारिकेच्या सभेत ‘बरे’ झालेल्या तेवीस जणांचा पाठपुरावा केला. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने निष्कर्ष नोंदवला, की यांपैकी एकाचाही शारीरिक आजार चमत्काराने बरा झालेला नव्हता. मणक्याचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीने सभेतील उन्मादात पाठीचा आधारपट्टा काढून टाकला आणि ती मंचावर धावली. दुसऱ्याच दिवशी तिचा मणका खचला आणि चार महिन्यांनी ती मरण पावली. कुलमन लबाड होत्या असे नोलनने म्हटले नाही. त्या प्रामाणिक होत्या, पण आजार म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हते, असे त्याचे मत पडले.

सर्वच जण तसे प्रामाणिकही नव्हते. पीटर पोपॉफ हा प्रचारक सभेतील अनोळखी लोकांची नावे, पत्ते आणि आजार अचूक सांगत असे आणि हे ज्ञान ईश्वराकडून येते असे भासवीत असे. 1986 मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने रेडिओच्या लहरी पकडणारे यंत्र सभेत नेले, तेव्हा तो ‘ईश्वरी’ आवाज पोपॉफच्या पत्नीचा निघाला. लोकांनी आधी भरून दिलेल्या चिठ्ठ्यांवरील माहिती ती त्याच्या कानातील यंत्रात सांगत होती. हे ध्वनिमुद्रण अमेरिकेने दूरचित्रवाणीवर ऐकले आणि पुढच्याच वर्षी पोपॉफने दिवाळखोरी जाहीर केली. तरीही काही वर्षांनी तो नव्या कार्यक्रमांसह परतला आणि त्याला प्रेक्षकही मिळाले. असहाय माणसाची गरज किती खोल असते, याचा हा पुरावा आहे.

‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’

मग सभेत कुबड्या फेकून चालणारे सगळेच नाटक करतात काय? तसे मानणे अन्यायाचे होईल. मराठीत ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत आणि या साऱ्या गूढाची किल्ली त्या भेदात आहे. गर्दी, संगीत, अपेक्षा आणि उत्कट भावना यांच्या भरात शरीरात अशी द्रव्ये स्रवतात, की वेदना काही काळ बोथट होते. सांधेदुखी, दमा, पाठदुखी, अर्धशिशी हे आजार मुळात चढउतारांचेच असतात. माणूस दुखणे टोकाला गेले असताना सभेला जातो, त्यामुळे त्यानंतर येणारा उतार सभेच्या खात्यावर जमा होतो. शिवाय अनेक जण सोबत औषधही घेत असतात, ते श्रेयनामावलीत येत नाही. आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांना साक्ष देण्यासाठी मंचावर कोणी बोलवीत नाही.

‘बरे वाटणे’ यात वाईट काही नाही. मात्र त्याला ‘बरे होणे’ समजले की अनर्थ ओढवतो. क्षयरोगाचे उदाहरण घ्यावे. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढते. याच टप्प्यावर रुग्णाने ‘देवाने मला बरे केले’ म्हणून गोळ्या थांबवल्या, तर शरीरात दडून राहिलेले जंतू पुन्हा उचल खातात आणि औषधाला दाद न देणारा क्षय होण्याचा धोका वाढतो. तो रुग्ण मग स्वतःपुरता राहत नाही. घरातील मुलाबाळांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोच आजार देतो. मधुमेहाच्या ज्या प्रकारात शरीर इन्शुलिन तयारच करीत नाही, त्यात तर इन्शुलिन थांबवल्यावर काही दिवसांतच प्राणावर बेतते.

ही भीती काल्पनिक नाही. सेथ ॲसर आणि रिटा स्वॉन यांनी 1998 मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1975 ते 1995 या काळात अमेरिकेत पालकांनी धार्मिक कारणाने उपचार नाकारल्यामुळे झालेल्या 172 बालमृत्यूंची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी 140 मुलांचे आजार असे होते, की उपचार मिळते तर वाचण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक होती. 2008 मध्ये विस्कॉन्सिन राज्यात अकरा वर्षांची एक मुलगी मधुमेहाने मृत्यू पावली. तिचे आईवडील तिच्याभोवती बसून प्रार्थना करीत होते. ते क्रूर नव्हते, तिच्यावर त्यांचे प्रेम होते. तरीही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि 2013 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ओरेगन राज्याने तर 2011 मध्ये कायदा बदलून ‘आम्ही प्रार्थनेने उपचार करीत होतो’ हा बचावच काढून टाकला. धर्मस्वातंत्र्याचा जगभर पुरस्कार करणाऱ्या देशाला मुलांच्या जिवासाठी ही रेषा आखावी लागली.

प्रार्थनेची प्रायोगिक परीक्षाही झालेली आहे. हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली सहा अमेरिकी रुग्णालयांतील हृदयशस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी परक्या लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यातील गुंतागुंतीच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. ‘तुमच्यासाठी निश्चितपणे प्रार्थना होत आहे’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंत उलट थोडी अधिक दिसली. ईश्वर आहे की नाही, हे अशा अभ्यासाने ठरत नाही. प्रार्थना ही औषधाच्या बाटलीसारखी मात्रेत मोजून देण्याची वस्तू नव्हे, एवढे मात्र ठरते.

बंगालमधील एक प्रकरण

भारतात या विषयाची सर्वाधिक चर्चा झाली ती मदर तेरेसा यांच्या संतपदाच्या निमित्ताने. बंगालच्या दक्षिण दिनाजपूर जिल्ह्यातील एका आदिवासी स्त्रीच्या पोटातील गाठ 5 सप्टेंबर 1998 रोजी, म्हणजे मदर तेरेसांच्या पहिल्या स्मृतिदिनी, त्यांचे पदक पोटावर ठेवल्यावर नाहीशी झाली, असा दावा होता. व्हॅटिकनने तो 2002 मध्ये स्वीकारला आणि 19 ऑक्टोबर 2003 रोजी रोममध्ये त्यांना धन्य घोषित करण्याचा सोहळा झाला. परंतु तिच्यावर उपचार करणाऱ्या बालुरघाटच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांचे म्हणणे वेगळे होते. ही गाठ क्षयातून उद्भवलेली होती आणि ती कित्येक महिने दिलेल्या औषधांनी बरी झाली, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ती स्त्री स्वतः मात्र चमत्काराच्या बाजूनेच उभी राहिली आणि तिच्या श्रद्धेबद्दल तिला दोष देण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो निकषांचा. बरे होण्याचे श्रेय औषधाला देता येण्याजोगे नसावे, हा लाम्बर्टिनींचा दंडक येथे कितपत पाळला गेला? लूर्दमधील डॉक्टरांनी ज्या प्रकरणावर कदाचित वर्षानुवर्षे काथ्याकूट केला असता, ते येथे सुमारे पाच वर्षांत वेदीपर्यंत पोहोचले. त्या सरकारी डॉक्टरांची बाजू समारंभाच्या रोषणाईत झाकोळली, याचीही खंत वाटावयास हवी. खुद्द मदर तेरेसा यांना हृदयविकारामुळे 1989 मध्ये पेसमेकर बसवण्यात आला होता. त्यांनी वैद्यकाचा आधार घेतला यात वावगे काहीच नाही, तो शहाणपणाच होता. तेच शहाणपण दिनाजपूरच्या खेड्यातील गरिबाच्याही वाट्याला यावे, एवढीच अपेक्षा आहे.

मिरज, वेल्लोर, जामखेड

ख्रिस्ती श्रद्धेची दुसरी वाट विसरणे हा अन्याय ठरेल. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि एका संस्थानी गावाला वैद्यकीय नगरी म्हणून नाव मिळवून देण्याचा पाया घातला. आयडा स्कडर यांनी 1900 मध्ये वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना काढला, त्याचा आज वटवृक्ष झाला आहे. त्याच वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने दाखवून दिले, की कुष्ठरोग्याची बोटे रोगामुळे झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे झालेल्या दुर्लक्षित जखमांनी ती नष्ट होतात. त्याने कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात शस्त्रक्रियेने पुन्हा कामाचे केले. आपल्याच महाराष्ट्रात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 पासून जामखेडच्या दुष्काळी भागात निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका बनवले. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ही सारी मंडळी श्रद्धावान ख्रिस्ती होती. मिशनरी रुग्णालयांच्या धर्मप्रचाराच्या हेतूविषयी आक्षेप घेतले गेले आहेत आणि त्यांची चर्चा स्वतंत्रपणे करता येईल. पण यांनी रुग्णाला टाके घातले, लस दिली, पाणी उकळून प्यायला शिकवले. बरे होण्याची ग्वाही त्यांनी शब्दाने न देता शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिली. मंचावर उभे राहून ‘उठ आणि चाल’ म्हणणाऱ्याला कोणी विचारावे, की ख्रिस्ताच्या नावाने कुष्ठरोग्याच्या हाताला पुन्हा पकड कोणी मिळवून दिली, तुम्ही की ब्रँड यांनी? व्हॅटिकननेही 14 सप्टेंबर 2000 रोजी रोगनिवारणाच्या प्रार्थनांविषयी सूचना काढून उन्माद, कृत्रिमता, नाट्यमयता आणि सनसनाटी टाळण्याची ताकीद दिली होती. म्हणजे विवेकी ख्रिस्ती माणसालाही हे प्रकार रुचत नाहीत.

सर्वांना एकच माप

चंगाईच्या प्रचारातील सर्वांत निष्ठुर भाग याहून वेगळा आहे. रुग्ण बरा झाला तर श्रेय प्रचारकाच्या प्रार्थनेला जाते. तो बरा झाला नाही तर दोष त्याच्या ‘अपुऱ्या श्रद्धे’ला लागतो. आजाराने खचलेल्या माणसाच्या माथी अपराधाचे आणखी एक ओझे लादले जाते. त्यात ‘घरातील देव्हारा रिकामा केल्याशिवाय गुण येणार नाही’ अशी अट घातली गेली, तर ते सरळसरळ दुःखाचे भांडवल झाले. ओरिसाने 1967 मध्ये केलेल्या कायद्यात ईश्वरी कोपाची भीती दाखवणे हीसुद्धा बळजबरी मानली आहे आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. कोपाची भीती जर बळजबरी असेल, तर मरणाच्या दारातील माणसाला दाखवलेले रोगमुक्तीचे आमिष निर्दोष कसे?

तथापि, हेच माप स्वतःलाही लावण्याची तयारी हवी. ताईत देऊन कर्करोग बरा करणारे बुवा, विभूतीने मूल होण्याची हमी देणारे महाराज आणि गंडेदोरे करणारे फकीर यांना वेगळा न्याय असू शकत नाही. नवसाने अपत्यप्राप्ती होते या समजुतीची तुकोबांनी केलेली संभावना मराठी माणसाला सांगावयास नको. चरकाचार्यांनी चिकित्सेचे तीन प्रकार सांगताना मंत्रोपचाराला स्थान दिले. पण आहार-औषधांच्या युक्तिव्यपाश्रय चिकित्सेला त्यांनी रजा दिली नाही. असाध्य रोग असाध्य म्हणून ओळखावा, असे बजावण्याचा प्रामाणिकपणाही दाखवला. माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहणाऱ्यांत हिंदूही असतात. म्हणजे हा प्रश्न एका धर्माच्या अनुयायांपुरता नाहीच.

कायदाही तेच सांगतो. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने ताईत, मंत्र, कवच यांच्या नावाने ठरावीक रोग बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घातली. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यावर अनेक वर्षे वादंग झाले. परंतु त्यात भोंदूचा धर्म विचारलेला नाही. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्याने गुन्हा ठरवला आहे. आसामने 2024 मध्ये अवैज्ञानिक उपचारपद्धतींविरुद्ध कायदा केला, तेव्हा तेथील ख्रिस्ती संघटनांनी आक्षेप घेतले. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे गुन्हा ठरता कामा नये, हा त्यांचा मुद्दा मान्य करण्यासारखा आहे. पण प्रार्थना आणि हमी यांत अंतर आहे. जो हमी देतो, त्याने आधीचे आणि नंतरचे कागद दाखवावेत. बुवाबाजीवर तावातावाने लिहिणाऱ्या आणि चंगाईच्या मांडवापाशी मौन धरणाऱ्या मंडळींनीही आपले माप एकदा तपासून घ्यावे.

तरीही केवळ कायद्याने हा प्रश्न सुटणार नाही. चंगाईचा मांडव गजबजतो तो जेथे आरोग्यकेंद्राला कुलूप असते, जेथे रुग्णाची विचारपूस करायला कोणी फिरकत नाही, तेथे. सभेत निदान कोणीतरी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो, त्याचे नाव घेऊन त्याच्यासाठी रडतो. या स्पर्शाची भूक समाजाने भागवली नाही, तर ती दुसरा कोणी भागवणारच, आणि त्याची किंमतही तोच ठरवणार. सदाशिवराव कात्रे स्वतः कुष्ठरोगी होते. चांपा येथील मिशनच्या कुष्ठरुग्णालयाचा अनुभव घेतल्यावर त्यांनी केवळ टीका करीत बसण्याऐवजी 1962 मध्ये तेथेच भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. दामोदर गणेश बापट यांनी ते कार्य दशकानुदशके पुढे नेले. त्यांनी कोणाला चमत्काराचे वचन दिले नाही. जखमा धुतल्या, औषध दिले, शेती पिकवली आणि घरच्यांनी टाकून दिलेल्या माणसाला पंक्तीत बसवले.

शाखेच्या वस्तीत, गल्लीत, सोसायटीत क्षयाचा एखादा रुग्ण असतोच. त्याच्या सहा महिन्यांच्या गोळ्या एकही दिवस न चुकता पोटात जातील, त्याच्या घरी आठवड्यातून एकदा तरी कोणी डोकावेल आणि त्याच्या मुलांची तपासणी वेळेवर होईल, एवढी जबाबदारी शेजारच्या चार घरांनी उचलली, तर त्या रुग्णाला कोणत्याही मांडवाची वाट धरावी लागणार नाही. बरे होण्याचे काम औषध करील. बरे वाटण्याचे काम मात्र शेजाऱ्यांनाच करावे लागेल.